सिंगापूरचा शेजार आणि आपले गावकूस

सिंगापूर पाहून आलेला आपल्याकडचा माणूस तीन गोष्टी हमखास सांगतो. रस्ते चकाचक, लोक शिस्तीचे आणि थुंकले तर दंड. त्यावर 'आपल्या लोकांना ही शिस्त कधी लागणार?' हा उसासा ठरलेलाच. या 'आपल्या लोकां'मध्ये तो स्वतःला धरत नाही. त्याच्या डोळ्यासमोर झोपडपट्टी असते, हे आपण ओळखून असतो. म्हणून आमचा प्रश्न वेगळा आहे: त्या शहरात कोण कोणाच्या शेजारी राहतो आणि हे ठरवले कोणी?

सिंगापूरला आम्ही दुसऱ्यांदा गेलो. पहिल्या वेळी टूरच्या बसने दाखवले ते पाहिले होते. या वेळी क्रूझ दिवसभर बंदरात थांबणार होती. सहप्रवासी मरीना बेच्या उंच इमारतींकडे फोटो काढायला गेले. आम्ही मरीना साउथ पिअरला मेट्रो पकडली आणि थेट तोआ पायोह गाठले. ही सरकारी घरांची जुनी वसाहत. तिथल्या बऱ्याच इमारतींचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याच जागेत मलय कुटुंबाचे लग्न लागते आणि चिनी कुटुंबाचे अंत्यविधीही होतात. आपल्याकडे अनेक गावांत मेल्यावरही जात सुटत नाही, स्मशानभूमी वेगळी असते.

हे आपोआप घडले का? अजिबात नाही. 1960 साली तिथे गृहनिर्माण मंडळ स्थापन झाले. 1961 मध्ये बुकित हो स्वी या झोपड्यांच्या वस्तीला आग लागली आणि सुमारे 16 हजार लोक बेघर झाले. मंडळाने तिथे झपाट्याने पक्की घरे उभारली. 1966 मध्ये भूसंपादनाचा कडक कायदा आला. आज तिथल्या दर दहा रहिवाशांपैकी जवळपास आठ जण सरकारने बांधलेल्या घरांत राहतात.

पण घर मिळाले म्हणून शेजार मिळतोच असे नाही. 1964 साली त्याच शहरात मलय आणि चिनी समाजांत रक्तरंजित दंगली झाल्या होत्या. पुढे नव्या वसाहतींतही एकाच वंशाचे लोक एकत्र गोळा होऊ लागले. तेव्हा 1989 मध्ये सरकारने प्रत्येक इमारतीत आणि प्रत्येक भागात कोणत्या वंशाची किती घरे असावीत याची कमाल मर्यादा घालून दिली. या धोरणाचा काच अल्पसंख्याकांनाही बसतो. मर्यादा भरलेली असेल तर आपले घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळते आणि भाव पडतो. तिथे एकाच पक्षाची सत्ता 1959 पासून चालत आली आहे, मोर्चा काढायला परवानगी लागते. आपण चळवळीची माणसे. तो दंडुका आपल्याला नको. पण शेजार हा राज्याच्या धोरणाचा विषय आहे, हा धडा मात्र घेतलाच पाहिजे.

परतताना आम्ही लिटल इंडियात उतरलो. तमिळ मजुरांबरोबर जहाजातून जातही या बंदरात उतरली होती. तिच्याविरुद्धचा आवाजही मागोमाग आला. पेरियार 1929 मध्ये मलाया-सिंगापूरला येऊन गेले आणि स्वाभिमानाच्या विचाराने भारलेल्या सारंगपाणींनी 1935 मध्ये 'तमिळ मुरसु' हे वृत्तपत्र काढले. आज त्याच भागात सुट्टीच्या दिवशी भारतीय आणि बांगलादेशी बांधकाम मजुरांची गर्दी होते. सिंगापूर बांधणारे हे हात राहतात कुठे? शहराच्या कडेला, मजुरांच्या वसतिगृहांत, एका खोलीत अनेक जण. कुटुंब आणायची परवानगी नाही. कामावर जाताना अनेकांना लॉरीच्या मागच्या हौद्यात बसवून नेले जाते. 2020 च्या कोरोनात या वसतिगृहांतल्या जवळपास निम्म्या मजुरांना लागण झाली, तेव्हा जगाला ही दुसरी वस्ती दिसली.

हे गावकूस नाही तर काय आहे? नागरिकांसाठी धोरण केले, तिथे भिंत खाली आली. मजुरांना धोरणातून वगळले, तिथे नवी भिंत उभी राहिली. शहर आधुनिक झाले की भेद आपोआप गळून पडतो, ही भाबडी समजूत सोडायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

आता मुंबईकडे पाहू. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याच्या गौरवाचा फुगा फोडला. आपले आजे-पणजे गिरण्यांत, गोदीत, रेल्वेत आले ते गावकूस ओलांडण्यासाठी. पण 1995 पासूनच्या झोपडपट्टी पुनर्वसनात काय होते? एकाच भूखंडावर झोपडीवाल्यांची इमारत वेगळी आणि विक्रीची टोलेजंग इमारत वेगळी. रस्ता वेगळा, गेट वेगळे, लिफ्टची अवस्था वेगळी. बाकीच्या शहरात आडनाव विचारून, 'नॉनव्हेज चालणार नाही' सांगून घर नाकारले जाते. सहकारी गृहनिर्माण संस्था आपले सभासदत्व एका समाजापुरते ठेवू शकते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये दिला. संविधानाच्या कलम 15 ने दुकान, हॉटेल, विहीर, रस्ता सगळ्यांसाठी खुले केले. खासगी घराच्या दारापर्यंत मात्र कायद्याचा हात अजून नीट पोचलेला नाही.

मित्रहो, शिक्षणातल्या आणि नोकरीतल्या आरक्षणावर आपण पिढ्यान्‌पिढ्या लढत आलो. राहण्याच्या जागेवरची लढाई मात्र आपण एकेकट्याने, दलालासमोर मान खाली घालून हरत असतो. ती सामूहिक झाली पाहिजे. घर विकताना वा भाड्याने देताना जात-धर्म-आहारावरून नकार देणे हा गुन्हा ठरवणारा स्पष्ट कायदा मागा. पुनर्वसनाच्या आणि विक्रीच्या घरांची भिंत पाडणारा नियम मागा. आपल्या वस्तीचा पुनर्विकास येईल तेव्हा चौरस फुटांबरोबर नकाशाही मागा आणि गेट किती आहेत ते मोजा. सिंगापूरची स्वच्छता आपल्याला शिकवायला येणाऱ्याला एकच विचारा: तुमच्या मजल्यावर आम्हाला घर द्याल का?

जय भीम!