क्रूझच्या तिकिटात नेमकं काय मिळतं? सारख्या मापाच्या दोन जहाजांवरचा अनुभव इतका वेगळा का असतो?

दोन जहाजं घ्या. एक 'एम्प्रेस', मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपला जाणारं कॉर्डेलिया क्रूझेसचं जहाज. दुसरं 'वायकिंग स्टार', वायकिंग कंपनीचं, युरोपातल्या बंदरांमधून फिरणारं. एम्प्रेसचं माप साधारण ४८,५०० ग्रॉस टन आणि वायकिंग स्टारचं ४७,८००. म्हणजे दोन्ही जवळपास एकाच आकाराची. पण एम्प्रेसवर सुमारे ८०० केबिन आहेत. प्रत्येक केबिनमध्ये दोन माणसं धरली तर १,६०० प्रवासी होतात. वायकिंग स्टारवर प्रवासी असतात ९३०.

ग्रॉस टन हे जहाजाचं वजन नाही. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा त्यात मोजली जाते. या आकड्याला प्रवाशांच्या संख्येने भागलं की एका माणसाच्या वाट्याला किती जागा येते याचा अंदाज मिळतो. एम्प्रेससाठी हे उत्तर ३० च्या आसपास येतं, वायकिंग स्टारसाठी ५१. नाश्त्याला रांग किती, पूलजवळ खुर्ची मिळणार का, लिफ्टसाठी किती थांबायचं, हे बरंचसं या एका भागाकारावर ठरतं. जाहिरातीत मात्र हा आकडा सहसा दिसत नाही. तिथे दिसतो सूर्यास्त.

क्रूझ कंपन्या पैसे कुठून कमावतात?

तिकिटातून, हे अर्धंच उत्तर आहे. जगातली सगळ्यात मोठी क्रूझ कंपनी असलेल्या कार्निव्हल कॉर्पोरेशनचं २०२४ चं उत्पन्न सुमारे २५ अब्ज डॉलर होतं. त्यातले साधारण साडेसोळा अब्ज तिकिटांचे आणि साडेआठ अब्ज जहाजावरच्या व इतर खर्चाचे, म्हणजे दारू, कॅसिनो, वायफाय, स्पा, किनाऱ्यावरच्या सहली वगैरे. थोडक्यात, प्रत्येक तीन रुपयांतला एक रुपया तिकिटाबाहेरून येतो.

इथूनच क्रूझ कंपन्यांचे दोन रस्ते होतात. काही कंपन्या तिकीट स्वस्त ठेवतात आणि प्रवासी जहाजावर आला की त्याला खर्च करायला लावतात. काही कंपन्या तिकीट महाग लावतात आणि मग शक्यतो खिशात हात घालायला लावत नाहीत. कोणती कंपनी कोणत्या रस्त्यावर आहे हे कळलं, की जहाजावर काय दिसेल याचा अंदाज बऱ्यापैकी येतो.

रॉयल कॅरिबियनचं 'आयकॉन ऑफ द सीज' हे पहिल्या रस्त्यावरचं ठळक उदाहरण. जानेवारी २०२४ मध्ये मियामीहून पहिल्या सफरीवर निघालेलं हे जहाज २० डेकचं आणि जवळपास अडीच लाख ग्रॉस टनांचं आहे. सात पूल, सहा वॉटर स्लाइड. मुख्य रेस्टॉरंट, बुफे, शो आणि स्लाइड तिकिटात येतात. पण दारूचे पैसे वेगळे, कोल्ड्रिंकचे वेगळे, वायफायचे वेगळे, खास रेस्टॉरंटचे वेगळे. समुद्रावर लटकत चालायच्या 'क्राउन्स एज' या खेळाचेही वेगळे. कंपनीच्या मालकीच्या कोकोके बेटावर उतरायला पैसे पडत नाहीत, तिथल्या वॉटर पार्कला पडतात. बेट स्वतःचं घेण्यामागचा हिशेब साधा आहे. प्रवासी जहाजावरून उतरला तरी त्याचं पाकीट कंपनीच्या हद्दीतच राहतं.

दारूच्या पॅकेजचा एक नियम भारतीय कुटुंबांना हमखास बुचकळ्यात पाडतो. रॉयल कॅरिबियनमध्ये एका केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं, तर त्याच केबिनमधल्या पिण्याच्या वयाच्या इतरांनाही ते घ्यावं लागतं. कार्निव्हलच्या 'चिअर्स' पॅकेजचंही तसंच. म्हणजे काकांनी पॅकेज घेतलं की कधीही थेंब न घेतलेल्या काकूंचंही बिल लागतं. एकाच पॅकेजवर दोघांनी पिऊ नये म्हणून हा नियम आहे. त्यावर कार्निव्हलमध्ये २४ तासांत १५ मद्यपेयांची मर्यादाही आहे. ती कुणाला कमी वाटत असेल तर प्रश्न वेगळा आहे.

दुसऱ्या रस्त्यावर वायकिंग. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाबरोबर वाइन आणि बिअर तिकिटात, वायफाय तिकिटात, प्रत्येक बंदरावरची एक सहलही तिकिटात. कॅसिनो नाही. १८ वर्षांखालच्यांना प्रवेशच नाही. साहजिकच तिकीट बरंच महाग असतं आणि जहाजावर निवृत्त, निवांत मंडळी जास्त दिसतात. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर हे जहाज यादीतून आपोआप बाद होतं.

डिस्नी या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी बसतं. कॅसिनो इथेही नाही, पण कारण वेगळं. इथलं गिऱ्हाईक म्हणजे मुलं. जेवणाची पद्धत मजेशीर आहे. प्रवासी दर संध्याकाळी वेगळ्या रेस्टॉरंटमध्ये जातात आणि त्यांचे वेटरही त्यांच्याबरोबर फिरतात. दुसऱ्या दिवसापर्यंत वेटरला माहीत झालेलं असतं की धाकट्याला भाजी चालत नाही. कोल्ड्रिंक फुकट असतं, जी गोष्ट दोन मुलांच्या आईवडिलांना दिवसातून सहा वेळा जाणवते.

एकाच जहाजावर दोन जगं

मोठ्या कंपन्यांनी अलीकडच्या काळात आणखी एक गोष्ट केली आहे. एकाच जहाजात दुसरं जहाज. एमएससीने २००८ मध्ये 'एमएससी फँटासिया'वर 'यॉट क्लब' सुरू केला. स्वतंत्र लाउंज, स्वतंत्र पूल, स्वतंत्र रेस्टॉरंट आणि आत जायला वेगळं कार्ड. नॉर्वेजियनमध्ये याला 'द हेवन' म्हणतात. गंमत म्हणजे याच नॉर्वेजियनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल क्रूझिंग' आणून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर जेवायची जुनी पद्धत मोडली होती. एका बाजूने बंधनं सैल केली, दुसऱ्या बाजूने दाराला कुलूप लावलं.

क्युनार्ड कंपनीला असं काही नव्याने शोधावं लागलं नाही, कारण तिथे वर्गव्यवस्था पहिल्यापासून उघडपणे चालत आली आहे. साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क असा अटलांटिक ओलांडणाऱ्या 'क्वीन मेरी २'वर तुमची केबिन कोणती यावरून तुमचं रेस्टॉरंट ठरतं. ब्रिटानिया, प्रिन्सेस ग्रिल आणि क्वीन्स ग्रिल, अशा पायऱ्या आहेत. काही संध्याकाळी नटूनथटून जेवायला यायचं असतं. जहाजावर तारांगण आहे, मोठं ग्रंथालय आहे, कुत्र्यांना राहायची सोयसुद्धा आहे. नेहमीच्या सात रात्रींच्या प्रवासात वाटेत एकही बंदर लागत नाही. वॉटर स्लाइडची सवय झालेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी कंटाळा येईल, आणि ज्याला पुस्तक घेऊन खिडकीशी बसायचं आहे त्याला आयकॉनवर.

आणि हो, क्युनार्ड आणि कार्निव्हल या दोन्हींचा मालक एकच आहे, कार्निव्हल कॉर्पोरेशन. कोस्टा, प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका हेही त्याचेच ब्रँड. त्यामुळे 'अमुक कंपनी वाईट, तमुक चांगली' असं ऐकू येतं तेव्हा अनेकदा ती एकाच घरातल्या दोन मुलांची तुलना असते.

मग टिपचा प्रश्न का गाजतो?

कारण अनुभवाचा सगळ्यात मोठा भाग माणसं घडवतात, आणि त्यांच्या पगाराची रचना प्रवाशाला दिसत नाही.

रॉयल कॅरिबियनने आपली रोजची टिप साध्या केबिनसाठी माणशी १८.५० डॉलर आणि स्वीटसाठी २१ डॉलर केली. ती बिलात आपोआप लागते. सात रात्रींसाठी दोन माणसांचे २५९ डॉलर, म्हणजे २२ हजार रुपयांच्या पुढे. तिकीट काढताना ही रक्कम पाहिलेली नसेल तर शेवटच्या सकाळी बिल बघून धक्का बसतो. अनेक कंपन्या प्रवाशाला ही रक्कम कमी करून घ्यायची मुभा देतात आणि काही जण काउंटरवर जाऊन ती काढूनही टाकतात. पण केबिन आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कमाईत टिपचा वाटा मोठा असतो. जहाज मियामीहून सुटत असलं तरी त्याची नोंदणी बहुतेकदा बहामास किंवा पनामासारख्या देशात असते. त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा या कर्मचाऱ्यांना लागू होत नाही.

हे कर्मचारी कुठून येतात? फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत ही त्यातली मोठी नावं. भारतात गोव्याचं नाव पुढे येतं. जहाजावर नोकरी करणाऱ्यांना तिथे 'तारवटी' म्हणतात आणि अनेक गावांत घराघरांत एक तरी सापडतो. करार साधारण सहा ते नऊ महिन्यांचे असतात आणि त्या काळात साप्ताहिक सुट्टी नसते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत ७७ तास विश्रांती देता येते. उलटं वाचलं तर आठवड्याला ९१ तास काम नियमात बसतं. केबिनच्या पलंगावर टॉवेलचा हत्ती करून ठेवणारा माणूस या वेळापत्रकात तो हत्ती करतो.

म्हणूनच तिकीट महाग असलेल्या, प्रवासी कमी असलेल्या जहाजावर सेवा चांगली वाटते याचं श्रेय फक्त प्रशिक्षणाला देऊन चालत नाही. एका कर्मचाऱ्याकडे किती केबिन आणि किती टेबलं आहेत, हा मुद्दा असतो. आयकॉनवर २,३५० कर्मचारी आहेत. ५,६१० प्रवाशांमागे ते साधारण दोन-अडीच प्रवाशांना एक पडतात. पण ५,६१० हा आकडा केबिनमागे दोन माणसं धरून काढलेला आहे. सोफा आणि वरचे बंक धरले तर जहाजावर ७,६०० पर्यंत प्रवासी राहू शकतात. शाळांच्या सुट्टीत आकडा त्या दिशेने सरकतो, कर्मचारी मात्र तेवढेच राहतात. सुरुवातीचा भागाकार तेव्हा ४४ वरून ३३ पर्यंत उतरतो. तेच जहाज, तीच कंपनी, पण ऑक्टोबरमध्ये गेलेला आणि सुट्टीत गेलेला असे दोन प्रवासी वेगवेगळ्या क्रूझबद्दल बोलत असल्यासारखे वाटतात.

स्वच्छतेची तुलना करायची असेल तर एक सोपं साधन आहे. अमेरिकेतल्या बंदरांना येणाऱ्या जहाजांची तिथली सीडीसी ही आरोग्य यंत्रणा तपासणी करते आणि १०० पैकी गुण जाहीर करते. ८५ किंवा त्याखाली गेलं तर जहाज नापास. मुंबईहून निघणाऱ्या जहाजांसाठी मात्र हे प्रगतिपुस्तक उपयोगाचं नाही.

मुंबईच्या प्रवाशाचं काय?

एम्प्रेसचा इतिहास पाहिला की तिच्यावरचा अनुभव समजतो. १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधलेलं हे जहाज 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावाने रॉयल कॅरिबियनकडे होतं, आणि ते मुळात बहामासच्या तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरींसाठीच आखलं होतं. अशा सफरीत माणूस केबिनमध्ये फक्त झोपायला येतो, हे गृहीत धरलं होतं. त्यामुळे केबिन लहान आणि बाल्कन्या मोजक्या. २०२१ मध्ये कॉर्डेलियाने ते मुंबईत आणलं आणि त्याला जवळपास मूळचंच काम दिलं. शनिवार-रविवार जोडून गोवा. जैन जेवण मिळतं, बॉलिवूडचे शो असतात, कॅसिनो आहे, जेवण तिकिटात आणि दारू वेगळी. सिंगापूरहून किंवा मियामीहून मोठं जहाज करून आलेल्यांना ते जुनं वाटतं. पासपोर्ट-व्हिसाशिवाय आजी-आजोबांना घेऊन दोन रात्री समुद्रावर जायचं असेल, तर ही तुलना फारशी कामाची नाही.

सरकारला ही बाजारपेठ वाढवायची आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईतून 'क्रूझ भारत मिशन' जाहीर झालं. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करायचं त्याचं उद्दिष्ट आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटनही झालं.

धक्का तयार झाला की जहाजं लागतात. नॉर्वेजियनच्या मूळ कंपनीने 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही दोन जहाजं कॉर्डेलियाला दीर्घ मुदतीच्या भाड्याने देण्याचा करार २०२५ मध्ये जाहीर केला. एक २०२६ पासून, दुसरं २०२७ पासून. यातलं स्काय १९९९ चं आहे, माप ७७ हजार ग्रॉस टन आणि प्रवासी सुमारे दोन हजार. भागाकार ३८. एम्प्रेसच्या ३० पेक्षा तो चांगलाच वर आहे, पण एका केबिनमध्ये दोघंच झोपणार असतील तर. दिवाळीच्या सुट्टीतलं बुकिंग करताना केबिनमध्ये तिसरा आणि चौथा माणूस किती स्वस्तात बसतोय, ते आधी बघून घ्यावं.