लंकेत काऊन धाडलं?

गेल्या पावसाळ्यात वलगावला बचत गटाची बैठक आटोपली आणि एक बाई कागदांची पिशवी घेऊन मागे थांबल्या. पेन्शनच्या कागदावर त्यांचं नाव एक, आधार कार्डावर दुसरं. असली कामं आमच्या रोजच्याच वाट्याची. कागद चाळताना कळलं की त्यांचा नवरा फौजेत होता आणि 1987 च्या दिवाळीत जाफन्याला मारला गेला. आधी तार आली, मग त्याची काळी ट्रंक. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या, पदरात एक पोरगी.

मी नाव दुरुस्तीचा अर्ज लिहीत होते. त्या म्हणाल्या, "ताई, आपली लढाई तं पाकिस्तानसंग अस्ते ना? मंग तेयले लंकेत काऊन धाडलं? कोनं इचारलं होतं?"

माझ्याकडे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आहे, उत्तर नव्हतं. आमच्या वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी, 20 डिसेंबर 1956 ला गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबा कीर्तनात लोकांना साधे प्रश्न विचारून विचारून निरुत्तर करीत. हा प्रश्न त्याच जातीचा होता. शेवटचे चार शब्द तर मनातून जाईनात. कोणी विचारलं होतं?

कोणीच नाही. 29 जुलै 1987 ला कोलंबोत राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि लगेच आपली फौज तिथे उतरू लागली. नाव शांतिसेना. ऑक्टोबरात ती वाघांशी लढू लागली, आणि ज्या तमिळांच्या रक्षणासाठी गेली त्यांच्याच घरांवर तोफा डागू लागली. फौज धाडायची की नाही यावर संसदेत आधी मतदान झालं नाही. शांतिरक्षणाचं युद्ध झालं तेव्हाही नाही. खासदारांना निवेदनं ऐकवली गेली. मार्च 1990 मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर सुमारे 1,200 भारतीय जवान गेले होते. परतणाऱ्या फौजेच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. जवानांचा यात काय दोष? आठव्या महार बटालियनचे मेजर रामास्वामी परमेश्वरन, मुंबईत जन्मलेले, तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. शौर्यात काही उणं नव्हतं. उणं होतं ते धाडणाऱ्यांच्या उत्तरदायित्वात.

आणि मैत्रिणींनो, पलीकडच्या बायांचं काय? 21 ऑक्टोबर 1987 ला, ऐन दिवाळीत, आपले सैनिक जाफन्याच्या रुग्णालयात शिरले. डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठाहून अधिक जण मारले गेले. आतून गोळीबार झाला, असं फौजेचं म्हणणं. वाचलेल्या कर्मचाऱ्यांचं तसं नाही. त्या काळात घराघरांत झालेल्या बलात्कारांच्या हकिकती जाफना विद्यापीठातल्या डॉ. राजनी तिरानगामा यांनी बायांजवळ बसून ऐकल्या, लिहून ठेवल्या. वाघांनी केलेले अत्याचारही त्यांनी त्याच वहीत मांडले. 21 सप्टेंबर 1989 ला सायकलवरून घरी परतताना त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. वाघांनीच मारलं असं मानलं जातं. दोन्ही बंदुकांना प्रश्न विचारणारी बाई कोणालाच नको असते. बलात्कार म्हणजे युद्धातला अपघात, हे ऐकून आता कंटाळा आला. बाईचं शरीर शत्रूचा मुलूख समजायचं, हे पुरुषसत्ता शिकवते. बंदूक आणि परका देश मिळाला की ते उघडं होतं.

इकडच्या विधवेकडे शासन कसं पाहतं तेही बघा. शौर्यपदक मिळालेल्या शहिदाच्या पत्नीने पुन्हा लग्न केलं तर पदकाचा भत्ता बंद. फक्त दिराशी केलं तर चालू. ही अट 2017 च्या नोव्हेंबरपर्यंत होती! म्हणजे बाई घरातच राहिली पाहिजे, मग नवरा बदलला तरी चालेल.

न विचारता युद्धात ढकलणं हे इंग्रजांचं काम, असं आपण शाळेत शिकलो. 3 सप्टेंबर 1939 ला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, मध्यवर्ती कायदेमंडळाला न विचारता. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, त्यात आपलं मध्यप्रांत-वऱ्हाडचंही होतं. पुढच्या वर्षी 17 ऑक्टोबरला पवनारात विनोबा युद्धविरोधी भाषण करायला उभे राहिले, वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून. मग स्वातंत्र्य आलं, आणि ज्या अधिकारावर आपण रागावलो होतो तो व्हाइसरॉयच्या खुर्चीतून उचलून मंत्रिमंडळाच्या टेबलावर ठेवला गेला.

संविधानाचा यात अडसर नाही. कलम 53 म्हणतं की संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे आणि त्याचा वापर कायद्याने नियमित केला जाईल. 'युद्ध आणि शांतता' हा विषय संघसूचीत आहे, म्हणजे कायदा करायचा अधिकार संसदेचाच. 1991 साली अमरावतीतून निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील 2007 मध्ये या देशाच्या पहिल्या महिला सरसेनापती झाल्या. पण फौज कुठे धाडायची हे ठरवणं मंत्रिमंडळाच्याच हाती राहिलं. युद्धामुळे आणीबाणी पुकारली तर एका महिन्यात दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते, ती 1978 च्या 44 व्या दुरुस्तीची कमाई. युद्धाला मात्र मंजुरी लागत नाही.

आपल्या गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर किती धावाधाव! निवेदन, सह्यांची पडताळणी, मग मतदान. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तरच दुकान हलतं. एका दुकानाला एवढं लोकमत, आणि हजारो पोरं समुद्रापार धाडायला शून्य?

"संरक्षणाची गुपितं चव्हाट्यावर आणायची का?" असं आमच्याच एका सभेत एका गृहस्थांनी विचारलं. नाही आणायची. कोणती तुकडी कुठल्या वाटेने जाणार हे कोणी विचारत नाही. जायचं का, किती दिवस, आणि परत कधी, एवढंच विचारायचं आहे. जर्मनीत 2005 पासून यासाठी कायदा आहे, तिथलं सैन्य काही बुडालं नाही. "बायांना यातलं काय कळतं?" हे ते बोलले नाहीत, पण ऐकू आलं. 14 सप्टेंबर 2001 ला अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात युद्धाधिकाराच्या ठरावावर 420 विरुद्ध 1 मत पडलं. ते एक मत बार्बरा ली या बाईचं होतं. त्याच ठरावाच्या आधारे अफगाणिस्तानात वीस वर्षं युद्ध चाललं.

कायदा नुसता असून भागत नाही. अमेरिकेने 1973 साली राष्ट्राध्यक्षाला आवर घालणारा कायदा केला, तरी 2011 मध्ये ओबामांनी लिबियावरच्या हल्ल्यांना 'लढाई'च म्हणायचं नाकारून त्याला बगल दिली. म्हणून मुदत संपली की पैसा बंद, हे कायद्यातच हवं. आपल्याकडे पैशाचीही शहानिशा होईलच असं नाही: 2018 च्या मार्चमध्ये लोकसभेने सगळ्याच खात्यांच्या मागण्या, संरक्षणासह, चर्चेविना मंजूर केल्या.

संसद बोलली की काय होतं हेही आपण पाहिलं आहे. 2003 च्या एप्रिलमध्ये इराकवरच्या हल्ल्याची संसदेने एकमुखाने निंदा केली. अमेरिकेला आपली फौज हवी होती. जुलैमध्ये वाजपेयी सरकारने नकार दिला. त्या ठरावाचा सरकारवर मोठा दाब होता. किती घरांत ट्रंका आल्या नाहीत, याची मोजदाद कोणी करत नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. देशाच्या सीमेबाहेर लढायला फौज धाडण्याआधी दोन्ही सभागृहांचं नोंदवलेलं मतदान व्हावं. तातडी असेल तर सात दिवसांत. परवानगी सहा महिन्यांची, पुढे न्यायची तर पुन्हा मतदान. फौजेने तिथल्या बायांशी कसं वर्तन केलं याचा अहवाल प्रत्येक वेळी सभागृहापुढे. कोणत्या खासदाराने कुठल्या बाजूने हात वर केला हे आम्हाला नावानिशी कळायला हवं.

त्या बाईंची नाव दुरुस्ती अजून झालेली नाही, कचेरीत तिसरी खेप झाली. दरम्यान खासदारांना पाठवायचं पत्र आम्ही वलगावच्या बैठकीत लिहिलं. त्यात त्यांनी एक वाक्य आपल्या बोलीत घालायला लावलं आणि मी ते शुद्ध केलेलं नाही.