'मदरबोर्ड गेला' हे लगेच मान्य करू नका

पुण्याला नोकरी करणारा भाऊ नवा लॅपटॉप घेतो आणि जुना गावी पाठवतो. बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर अभ्यास करणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या हाती लॅपटॉप येतो तो असाच. तो रखडतो, म्हणून रॅम वाढवायची आणि हार्डडिस्क काढून एसएसडी टाकायची असं ठरतं. हा निर्णय चुकीचा नाही. जुन्या मशीनवर पैसा घालायचाच तर याच दोन गोष्टींवर घालावा. मुलगा सामान ऑनलाइन मागवतो, मोबाइलवर व्हिडिओ बघत मागचं झाकण उघडतो, सगळं बसवतो, बटण दाबतो, आणि स्क्रीन काळीच राहते. बीडला दुकानात नेला तर कधी कधी एका मिनिटात निकाल मिळतो: मदरबोर्ड गेला. आईवडील ऊसतोडीला गेलेले, हातात पैसे नाहीत, मग लॅपटॉप कपाटात जातो तो कायमचा.

बाळांनो, कपाटात ठेवण्याआधी माझं ऐका. काल संध्याकाळपर्यंत चालणारा लॅपटॉप सामान बदलल्याबरोबर बंद पडला असेल, तर पहिला संशय त्या बदलावरच घ्यायचा. म्हणून जे केलं ते आधी उलटं करा. चार्जर काढा, झाकण उघडा, बॅटरीचा कनेक्टर बोर्डावरून सोडवा आणि पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, म्हणजे आत साठून राहिलेली वीज निघून जाते. नवी रॅम काढून जुनी तिच्याच जागी बसवा, बॅटरी जोडा आणि चालू करा. चालू झाला तर मदरबोर्ड चांगला आहे. दोष नव्या रॅममध्ये आहे किंवा ती बसवण्यात आहे.

बसवण्यातली चूक फार वेळा होते. लॅपटॉपची रॅम तिरकी धरून आत सरकवायची असते. तिची सोनेरी कड जवळजवळ दिसेनाशी झाली की खाली दाबायची. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या टक् करून अडकल्या पाहिजेत. एकच बाजू अडकली तर रॅम बसल्यासारखी दिसते, पण मशीन उठत नाही. आपल्याकडची धूळ तर विचारूच नका. सोनेरी कड कोरड्या स्वच्छ कपड्याने पुसा. खोडरबर वापरणार असाल तर हलक्या हाताने, लॅपटॉपपासून लांब, आणि चुरा पूर्ण झटकून.

आता रॅमची जात. डीडीआर३ ला २०४ पिना असतात, डीडीआर४ ला २६०, आणि खाचही वेगळ्या जागी. त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसतच नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. खरी फसगत होते ती डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांच्यात. दोन्हींच्या पिना सारख्या, खाच सारखी. पण पहिली चालते १.५ व्होल्टवर आणि दुसरी १.३५ वर. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनच्या बहुतेक पातळ लॅपटॉपना कमी व्होल्टची रॅमच लागते. स्वस्तात मिळाली म्हणून साधी डीडीआर३ बसवली की ती छान बसते आणि स्क्रीन काळी राहते. म्हणून मागवण्याआधी जुन्या रॅमवरचं लेबल वाचा: त्यावर पीसी३ आहे की पीसी३एल, ते बघा. अगदी नव्या, डीडीआर५ च्या लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. रॅम बदलल्यावर तो पहिल्यांदा ती तपासत बसतो आणि काही मिनिटं काहीच दाखवत नाही. चार्जर लावून थांबा, सारखं बटण दाबू नका.

दिवाही लागत नसेल, पंखाही फिरत नसेल, तर रॅमपेक्षा बटणाची पट्टी तपासा. काही लॅपटॉपमध्ये झाकण काढताना कीबोर्डची किंवा पॉवर बटणाची पातळ पट्टी निसटते आणि आपल्या लक्षातही येत नाही. स्क्रूही सगळे सारख्या लांबीचे नसतात. आखूड जागी लांब स्क्रू पिळला तर तो बोर्डात घुसून खरंच नुकसान करतो. कुठला स्क्रू कुठून निघाला त्याचा फोटो काढून ठेवत जा.

स्क्रीनवर काहीही अक्षरं उमटली तर घाबरू नका. मशीन जिवंत आहे. बूट डिव्हाइस सापडत नाही असं लिहून आलं तर बहुधा एवढंच झालंय की नवी एसएसडी कोरी आहे, तिच्यावर विंडोज टाकायची राहिलीय. एम.२ एसएसडीतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत. लॅपटॉपला चालणारा प्रकार नसेल तर ती दिसणारच नाही. अठ्ठेचाळीस आकडी बिटलॉकर की मागितली, तर ती मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असू शकते. जुना लॅपटॉप भावाचा असेल तर खातंही त्याचंच असण्याची शक्यता जास्त, तेव्हा त्याला फोन करा. खरं तर झाकण उघडण्याआधीच ही की लिहून घ्यावी.

एक व्यवहाराची गोष्ट. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. रॅम वाढवली म्हणून जुना लॅपटॉप विंडोज ११ ला पात्र होत नाही. त्याला टीपीएम २.० आणि मायक्रोसॉफ्टच्या यादीतला प्रोसेसर लागतो. पैसे घालण्याआधी हे तपासा.

बॅटरी फुगलेली दिसली किंवा जळका वास आला तर मात्र हात लावू नका, जाणकाराकडेच न्या. बीडमध्ये प्रामाणिक कारागीर आहेत. त्यांना काय बदललं ते खरं सांगा, जुनी रॅम सोबत न्या, दोष काय तो कागदावर लिहून मागा आणि काढलेला भाग परत घ्या. जुनी हार्डडिस्क महिनाभर पुसू नका. तिच्यात दाखले आहेत, नोट्स आहेत, फोटो आहेत.

आणि पुण्यात, संभाजीनगरात कॉम्प्युटरचं शिक्षण घेणाऱ्या आपल्या मुलांना एक विनंती. सुट्टीला गावी आलात की शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घरी बंद पडलेला लॅपटॉप आहे का विचारा, आणि असेल तर एकदा उघडून बघा.