सेकंडहँड समुद्र

बाबांच्या ऑफिसातल्या एका काकांची नागपूरला बदली झाली आणि त्यांचा खाऱ्या पाण्याचा फिशटँक विकायला निघाला. तीन फुटी टँक, स्टँड, फिल्टर, लाइट आणि वर दोन क्लाउनफिश. किंमत नऊ हजार. 'फाइंडिंग नेमो' बघत मोठी झालेली आमची पिढी! मी नाही म्हणणार?

आई म्हणाली, "अगं, कोकणात राहून मासे विकत घेऊन नुसते बघत बसणार?"

तरी गेले. आणि तासाभरात कळलं, की सेकंडहँड बाइक घेणं यापेक्षा फार सोपं.

पहिला धडा वजनाचा. ३ × १.५ × १.५ फुटांच्या टँकमध्ये साधारण १९० लिटर पाणी मावतं, म्हणजे १९० किलो. काच, दगड, स्टँड वेगळं. टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचार तिथेच संपला. मग काचेचे सांधे बघायचे. सिलिकॉन पिवळं पडलंय का, कडा सुटल्यात का? विकणाऱ्याला टँक काठोकाठ भरून दाखवायला सांगा. लाजू नका.

दुसरा धडा जास्त महत्त्वाचा. आपण काच विकत घेत नसतो, बॅक्टेरिया विकत घेतो! माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. तो विषारी. एक प्रकारचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. नव्या टँकमध्ये ही फौज उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. जुन्या टँकमध्ये ती दगडांवर आणि फिल्टरच्या स्पंजमध्ये आयती मिळते. पण हे सगळं नळाखाली धुऊन 'स्वच्छ' केलंत, की फौज खलास. म्हणून ते जुन्याच खाऱ्या पाण्यात बुडवून, त्याच दिवशी हलवायचं. तळाची जुनी वाळू मात्र आणू नका. ढवळली की साठलेली घाण वर येते.

काका दिलदार. म्हणाले, "हे कोरल पण घेऊन जा, फ्री!" कोपऱ्यात पांढरा, फांद्याफांद्यांचा तुकडा. मी हात मागे घेतला. २००१ पासून कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. म्हणजे वाघाच्या पंक्तीत! मेलेला तुकडासुद्धा चालत नाही. 'लाइव्ह रॉक' म्हणून विकतात तोही बहुतेकदा प्रवाळाचाच सांगाडा असतो. काकांचे बाकीचे दगड सिरॅमिकचे होते, म्हणून वाचले. काकांचा चेहरा पडला. त्यांना खरंच माहीत नव्हतं. "वनखात्याला विचारतो," म्हणाले.

आता आपलं चिपळूण. गुहागरचा समुद्र तासाभरावर, मग पाणी कॅनमध्ये भरून आणू? पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी गढूळ, खारटपणा कमी. एरवीही सोबत काय येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा आरओचं पाणी आणि अॅक्वेरियमचं मीठ बरं. लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे माझ्या टँकला सहा-सात किलो. घरातलं मीठ अजिबात नाही. आणि पाणी आटलं की भर घालायची ती गोड्या पाण्याची, कारण वाफ होते पाण्याची, मीठ टँकमध्येच राहतं.

जागा? तळमजल्यावर नाहीच. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणकराला हे समजावून सांगावं लागत नाही. आणि लाइट! शेजारी पोफळीला कोयनेची वीज तयार होते, तरी पावसात आमच्याकडे लाइट जातेच. पंप बंद म्हणजे पाण्यातला ऑक्सिजन कमी. बॅटरीवर चालणारा एअरपंप आधी घेतला, मासे नंतर आणले. मे महिन्यातल्या उकाड्यासाठी फॅनची सोय वेगळी.

शेवटी काकांना विचारलं, "मासे किती वर्षांचे?"

"चार. लेकीने नावं ठेवलीत त्यांची."

क्लाउनफिश नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगतो. फ्रीलान्सर बाईने इतकी लांबची कमिटमेंट आजवर कशालाच दिली नव्हती, मोबाइलच्या प्लॅनलासुद्धा नाही. मी दोन दिवस मागून घेतले. विचार केला. मग हो म्हटलं.

टँक येऊन तीन आठवडे झालेत. रोज सकाळी चहाआधी अमोनिया टेस्ट. पहिल्या आठवड्यात रंग जरा हिरवट आला तेव्हा पोटात गोळाच! दोनदा थोडं थोडं पाणी बदललं, उतरला. मित्र विचारतात, तिसरा मासा कधी? इतक्यात नाही, बॉस. आधी या दोघांना माझी सवय होऊ दे.

काकांच्या लेकीला दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. माझ्याशी नाही. माशांशी.