धम्मयात्रेचे फोटो



२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर हजारो माणसे महाडच्या चवदार तळ्यावर गेली. त्यांतल्या बहुतेकांचा चेहरा आज त्यांच्या पणतवंडांनाही ठाऊक नाही. फोटो काढणार कोण होते?

आता मालवण-कुडाळहून दीक्षाभूमीला, अजिंठ्याला निघालेल्या आपल्या माणसांच्या हाती टॅब असतो. शेकडो फोटो निघतात, मग जागा संपते आणि जुने पुसले जातात. हे पुसणे थांबवता येते.

टॅबला पेनड्राइव्ह जोडता येतो. टॅबचे तोंड टाइप-सी असेल आणि पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीचा, तर मध्ये ओटीजी जोडणी लागते. आयपॅडवर ही सोय २०१९ पासून आहे. पेनड्राइव्ह शक्यतो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा. एनटीएफएस अनेक टॅब स्वीकारत नाहीत; फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही, आणि आपल्याकडची भाषणे काही आखूड नसतात! फॉरमॅट करताना आतले सगळे जाते, म्हणून ते निघण्यापूर्वी घरीच करून, जोडून बघावे. फिरत्या चकतीची हार्डडिस्क टॅबच्या विजेवर पुष्कळदा चालतच नाही.

प्रत उतरली की चार फोटो पेनड्राइव्हवरून उघडून पाहावेत, ‘इजेक्ट’ करूनच तो काढावा. दुसरी प्रत गावच्या शाखेत ठेवावी, घट्ट झाकणाच्या डब्यात. आपली खारी हवा लोखंडही खाते. सोबत वहीत तारीख, गाव आणि फोटोतल्या प्रत्येकाचे नाव लिहावे. बायकांचेही पूर्ण नाव, नुसते ‘अमक्याची आई’ नको.