लायसन्सची तयारी डोळ्यांपासून

गेल्या पावसाळ्यात एक ओळखीचे गृहस्थ दवाखान्यात आले. वय ४४. हातात एक फॉर्म. "डॉक्टरसाहेब, तपासायचं काही नाही. फक्त सही आणि शिक्का. एजंट बाहेर थांबलाय."

त्यांना मोटारीचे लायसन्स काढायचे होते. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांना आणि वयाची अट न धरता व्यावसायिक वाहन चालवणाऱ्यांना त्यासाठी डॉक्टरांचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना १-अ, लागते. मी त्यांना ओट्यावर नेले आणि पस्तीसेक पावलांवर उभ्या असलेल्या मोटारीचा नंबर वाचायला सांगितला. गाडी पांढरी आहे एवढे त्यांनी सांगितले. आकडे काही वाचता येईनात. पुढे रक्त तपासले, तर साखरही वाढलेली निघाली. हे गृहस्थ रोज रात्री दुकान बंद करून मोटारसायकलने घरी जात होते!

खरे सांगायचे, तर असे काही फॉर्म पूर्वी मीही न तपासता सही करून दिले आहेत. दवाखान्यात गर्दी, माणूस ओळखीचा, नाही म्हणायचे कसे? आज त्याची खंत वाटते. ती सही म्हणजे रस्त्यावरच्या प्रत्येकाला दिलेली हमी असते.

हा फॉर्म काय विचारतो ते पाहा. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का? चष्मा लावून वाचता आली तरी चालते. रातांधळेपणा आहे का? हॉर्न ऐकू येतो का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का? रंगांधळेपणा सौम्य किंवा मध्यम असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर लायसन्स मिळू शकते. तीव्र असेल तर नाही. चाळिशीच्या आतल्यांना खासगी वाहनासाठी नमुना १ मध्ये स्वतःच लिहून द्यावे लागते. त्यात फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, हेही विचारलेले असते. बरेच जण न वाचताच 'नाही' लिहितात. फिट येणाऱ्याने ते लपवले, तर तो फसवतो स्वतःलाच.

आता परीक्षेविषयी. कच्च्या लायसन्सच्या चाचणीत वाहतुकीच्या चिन्हांवर व नियमांवर प्रश्न असतात आणि ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. आधार जोडून ही चाचणी घरबसल्याही देता येते. पण ती स्वतः द्यावी, एजंटच्या पोराकडून देऊ नये. कच्चे लायसन्स सहा महिने चालते. तीस दिवसांनंतर पक्क्याची परीक्षा देता येते. त्यासाठी दर वेळी जिल्ह्याच्या आरटीओ कार्यालयातच जावे लागते असे नाही. अनेक तालुक्यांच्या गावी ठरलेल्या दिवशी आरटीओचे शिबिर भरते. तारीख विचारून घ्या आणि सारथी पोर्टलवर वेळ नोंदवा. नापास झालात तरी सात दिवसांनी पुन्हा बसता येते, तेव्हा घाबरून मधला माणूस गाठू नका.

परीक्षेच्या दिवशी उपाशी जाऊ नका. सकाळी रांगेत उभे राहिलेल्याचा नंबर कधीकधी दुपारी लागतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना अशा वेळी साखर उतरून घाम, थरथर आणि चक्कर येते. पोटभर न्याहारी करा, खिशात बिस्किटे ठेवा. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आणि खोकल्याच्या काही औषधांनी झोप येते. आदल्या रात्री त्या मनाने घेऊ नका. चष्मा असेल तर लावूनच जा.

त्या गृहस्थांनी चष्मा केला, पथ्य सांभाळले, साखर आटोक्यात आणली. मग मी फॉर्मवर सही केली. कच्चे लायसन्स काढून, सराव करून ते शिबिरात पहिल्याच फेरीत पास झाले. पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधकाची पाटी आहे, हे मला आत्ता कळलं."

एजंट अर्ज भरून देईल, रांगही वाचवील. समोरून येणारी बिनदिव्याची सायकल मात्र तुमच्याच डोळ्यांना दिसावी लागते. तेव्हा लायसन्सची तयारी डोळ्यांपासून सुरू करा. आणि डॉक्टरांनी नुसती सही न करता तपासायला घेतले, तर रागावू नका.