उत्तर नको, अडकू द्या!

दोस्तहो, झब्बू आणि मेंढीकोट तर आपण रोजच खेळतो. पण पत्त्यांचं एक कोडं असं आहे की ते प्रत्येक फर्स्ट इयरवाल्याला द्यायला हवं, आणि उत्तर मात्र महिनाभर सांगायला नको.

अमेरिकन गणितज्ञ फिच चेनी यांचं हे कोडं 1950 साली वॉलेस ली यांच्या पुस्तकात आलं. 52 पत्त्यांतले कुठलेही पाच माझ्या पार्टनरला द्या. ती एक लपवणार, उरलेले चार ओळीने मांडणार. खाणाखुणा बंद. तेवढ्यावरून लपवलेला पत्ता मी ओळखायचा. कसा?

पहिला हिशोब निराशच करतो. चार पत्ते 24 प्रकारे मांडता येतात, लपलेला पत्ता मात्र उरलेल्या 48 पैकी कुठलाही. म्हणजे अशक्य! इथेच बहुतेक जण "सोल्युशन सांग ना यार" म्हणतात. पण कुठला पत्ता लपवायचा हे पार्टनरच ठरवते, हे जरा बसून राहिलं की सुचतं. रंग चार, पत्ते पाच. म्हणजे दोन तरी एकाच रंगाचे. त्यातला एक लपवायचा, दुसरा सर्वांत आधी मांडायचा. रंग कळला! एक्का ते राजा असे 13 पत्ते गोल मांडले, तर दोघांपैकी एकापासून पुढे मोजत 6 घरांच्या आत दुसरा सापडतोच. आणि उरलेले तीन पत्ते लहान-मोठ्या क्रमाने बरोबर 6 प्रकारे मांडता येतात. बदाम तिर्री आणि अठ्ठी आली, तर अठ्ठी लपवा. 5 हा आकडा बाकीचे तिघं सांगतील.

आता मुद्दा. ही रीत पाठ करायला दहा मिनिटं पुरतात. पण एका रंगात 14 पत्ते असते तर? पाठ करणारा गप्प. ज्याने 13 का, 6 का हे स्वतः खणून काढलंय, तो लगेच सांगेल की आता अंतर 7 होऊ शकतं, रीत तिथे अडते.

आपल्या अभ्यासाचंही हेच झालंय. झेरॉक्सवाल्याकडे मागच्या पाच वर्षांची उत्तरं तयार मिळतात, आणि ओरलला "का?" विचारलं की घाम फुटतो. दोष फक्त आपला नाही. एका प्रश्नावर तासभर अडकायला टाइमटेबलमध्ये जागा कुठाय? सर, टर्ममध्ये एक तरी प्रॅक्टिकल असं ठेवा, ज्याचं मॅन्युअल आधी मिळणारच नाही.

आणि रेक्टर सर, जप्त केलेले पत्त्यांचे कॅट प्लीज परत द्या. अभ्यासाला हवेत!